हँडब्रेक

दाभोळच्या जेटीवर पहाटे सगळ्यांनीच सांगितलं, पित्त आहे.
शिमग्याचं जागरण, पालखीमागे रात्रभर, पोटात नुसता चहा.
कुणी आगळ पाजलं होतं, कुणी बडीशेप.
मथुरा पालशेतकर कोळंबीच्या टोपलीला टेकून बसलेली.
छातीवर हात नाही, आरडाओरडा नाही.
"काय नाय, दमलंय मी," म्हणाली,
"दाढ दुखते जराशी."

वारा गार. माणसं टॉवेल गुंडाळून उभी,
आणि हिच्या कपाळावरून घाम,
बर्फाची पेटी गळते तसा.
डॉक्टर पेडणेकर तिच्यापुढे उकिडवी बसली.
दाढ कधीपासून?
पालखी नाचवली तेव्हापासून.
कुठली दाढ?
खालच्या सगळ्याच.
डॉक्टरने वळूनही न बघता मला सांगितलं, स्ट्रेचर.

पट्टी सरकत बाहेर आली.
मला वाचता येत नाही ती, पण अकरा वर्षं बघतोय:
दोन, तीन आणि एव्हीएफ,
जिथं रेघ सपाट यायची
तिथं उपड्या होडीची पाठ.
इस्माईल चाचा घरातून धावत आले,
मुठीत त्यांची स्वतःची, जिभेखालची गोळी.
"हिच्यानेच मी वाचलो, घाल तिला!"
डॉक्टरने त्यांची मूठ हळूच मिटवली.
"प्रेशर ऐंशी आहे, चाचा. ही गोळी तिला बुडवेल."
ॲस्पिरिन मात्र चावायला लावली.
दुखऱ्या दाढांनीच चावली तिनं.

खेडवरून चिपळूण म्हणजे ऊन वर येणार.
फेरीवाल्यानं दोन टेम्पो मागे घ्यायला लावले,
मी गाडी चढवली, हँडब्रेक ओढला.
फेरीबोटीवर ड्रायव्हर म्हणजे नुसता बसलेला माणूस.
सायरन वाजवून खाडी लहान होत नाही.

मधोमध असताना ती म्हणाली, "दिवा का घालवलात?"
दिवा चालूच होता.
मॉनिटरवरची रेघ पिसाटली.
"अशफाक, हात!"

कात्री पोलक्यातून उभी गेली.
घाम पुसला, नाहीतर पॅड धरत नाही.
काळी पोत खांद्यामागे सारली.
मी दाबत होतो. डॉक्टर मोजत नव्हती, ओरडत होती:
सोड! पूर्ण सोड, भरू दे तिला!
माझा बाप वल्हं मारताना हेच सांगायचा,
ओढण्यापेक्षा सोडणं शीक.
मग, दूर. मी दूर, ती दूर,
स्ट्रेचरची दांडीसुद्धा सुटली पाहिजे.
एकदाच उडाली.
आणि लगेच पुन्हा हात.
रेघ बघत थांबायचं नाही, दोन मिनिटं, बघायचंच नाही.
खिडकीतून धोपाव्याच्या माडांचे शेंडे दिसायला लागले होते.
तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट ढकललं,
आणि बांगड्या वाजल्या.

रॅम्प खाडकन पडला.
"आता गाडी चालव," डॉक्टर म्हणाली.
हँडब्रेक सोडायला गेलो तर बोटं मिटेनात.

दीड महिन्यानं त्याच जेटीवर
तिनं चार बांगडे कागदात गुंडाळून दिले, आणि भांडलीही.
"पोलकं नवं होतं माझं. बटणं नव्हती काय?"

तेव्हापासून कुणी दमलो म्हणालं
की मी आधी कपाळ बघतो.
हसतात लोक. हसू देत.
परवा एकाचं खरंच पित्त निघालं.
डॉक्टरनं तरी पट्टी काढलीच, दोनदा,
आणि तो घरी जाऊन जेवला.