चौथी खुंटी

ईरी सरोवराच्या दक्षिणेला, जिथे नकाशावरच्या
निळ्या रेघा तुटक होत जातात,
तिथे आम्ही दोघी. गमबुटांत पाय,
गमबुटांत कालचंच पाणी.
इर्मा बोदनार, वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासल्या तिने:
उजेडासमोर धरायची, बुडबुडा दिसला की बाजूला.
"तेच काम," म्हणते, "फक्त इथे
बुडबुडा ठेवून घ्यायचा."

टॉर्चच्या काचेवर लाल कागद, रबराने बांधलेला.
तापमान सतरा. वारा नाही. ढग अर्धे.
चंद्र: इथे फुली.
दर खुंटीपाशी दहा मिनिटं,
मी घड्याळ, ती डोळे.
"एक," ती म्हणते. मग बराच वेळ बेडकांचा.
"दोन. नाही, तोच. पुढे सरकला मेला."
एक जीव दोनदा धरायचा नाही, हा नियम;
अंधारात तो पाळायचा कसा
हे माहितीपत्रकात नाही.

एक हिरवट, खालून वर ओढलेला,
काडी ओढावी आणि पेटूच नये तसा.
दुसरा पिवळा, घाईचा.
लव्हाळ्यातून कुणीतरी उत्तर दिलं त्याला, अगदी वेळेवर.
"जाऊ नको रे," इर्मा पुटपुटली, "ती तुमच्यातली नाही.
खाईल तुला."
तो गेला.
मी लिहून बसले होते: पिवळा, एक.
खोडायचा का, ठरेना.

तिसऱ्या खुंटीशी रस्त्यावर ट्रक वळला,
दिवे थेट तोंडावर.
डोळ्यांपुढे काजवे चमकले.
हे धरायचे नाहीत.

चौथ्या खुंटीपासून गोदामाची मागची बाजू.
खांबांवर अकरा दिवे, पाणकणसांवर चुना फासल्यासारखा उजेड,
इतका, की माझे आकडे टॉर्चशिवाय वाचता येतात.
तीन वर्षं इथे शून्य.
शून्यही लिहायचं असतं. रकाना कोरा सोडला
तर आम्ही आलोच नाही असा अर्थ होतो.
एमिल, इर्माचा धाकटा, तिथेच रात्रपाळीला.
ईस्टरपासून दोघांचं बोलणं बंद,
घर विकण्यावरून, एवढं गावाला माहीत.

दहा अठ्ठावीसला दिवे गेले.
एकेक करत, उजवीकडून डावीकडे,
कुणी खांबाखांबाने चालत यावं तसे.
काहीच दिसेना. बेडूकसुद्धा गप्प.
मग अगदी खाली, पाण्यालगत
"एक," इर्मा म्हणाली.
"चार. सहा, तिकडे... नऊ... थांब, थांब जरा."
बाटल्यांत कधी न चुकलेली बाई
आकड्यांत अडखळताना मी पहिल्यांदा ऐकली.

सहा मिनिटं चाळीस सेकंद.
मग सगळे दिवे एकदम. पाणकणसांची पुन्हा भिंत.
कुंपणापलीकडे कुणीतरी उभं होतं, हात खिशात,
हाक ऐकू जाईल इतकं जवळ.
इर्माने हाक मारली नाही.
टॉर्च उचलला, लाल कागदासकट,
एकदा दाबला.
थांबली.
सवयीने मी घड्याळाकडे पाहिलं.

सहा-चाळीस नियमात बसत नाही.
तक्त्यात शून्य गेलं.
समासात पेन्सिलीने, तिच्या अक्षरात:
किमान एकोणीस, दिवे बंद असताना. कारण
आणि पुढे नुसती पेन्सिल टेकल्याची खूण.

पाचव्या खुंटीला पोचायला उशीर झाला.
तिथे सात.