तुलोऊ

लितिया आली तेव्हा आम्ही आधी पाण्याची वेळ सांगितली:
साडेपाच ते सव्वासहा. नंतर नळ नुसता सुस्कारे टाकतो.
ती हिंदीत म्हणाली, हम जानता.
तिची हिंदी शेजारच्या उसाच्या मळ्यातून आलेली,
शंभर वर्षं खाऱ्या वाऱ्यात वाळलेली.
मामंजींना, म्हणजे तात्यांना, ती स्टेशनवरच्या हमालांसारखी वाटायची
आणि तिला तात्यांची, रेडिओसारखी.

जेलरोडचं आमचं घर दीड खोलीचं.
त्यातली अर्धी तिला दिली, म्हणजे
शिलाई मशीन इकडे ओढलं आणि मध्ये पडदा लावला.
संस्थेच्या फॉर्मवर ‘स्वतंत्र खोली’ असं लिहिलं होतं.
मी दोन दिवस पडद्याला दार म्हणत होते.

सकाळी ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत जायची,
संध्याकाळी यायची ती हातांनीच बोलत,
बोटांतली शाळा अजून सुटलेली नसायची.
गल्लीतल्या बायका विचारायच्या, आफ्रिकेची का गं?
मी सांगायचे, फिजीची. त्या म्हणायच्या, तेच ते.

पहिल्या सोमवारी निघताना ती तात्यांपुढे वाकली,
कुणीतरी शिकवून पाठवलं असणार.
तात्यांनी आपला हात,
तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये कोरे कागद मोजलेला,
तिच्या डोक्यावर ठेवला,
त्या दाट, गोल, कुणालाही हात लावावासा वाटेल अशा केसांवर,
आणि ती चटका बसल्यासारखी मागे सरली.

दिवसभर घरात त्यावर कुणी बोललं नाही.
तात्यांनी भाकरी अर्धी ठेवली.
मी मनात काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.
रात्री मोरीपाशी भांडी विसळताना तिनं सांगितलं,
आमच्याकडे डोकं म्हणजे…
शब्द सापडेना, तेव्हा साबणाच्या हातानं
देव्हाऱ्याकडे बोट केलं.
बसलेल्या माणसापुढून जायचं तरी वाकून, ‘तुलोऊ’ म्हणत.
फळीवरचा डबा काढायचा आणि खाली कुणी असलं, तरी तुलोऊ.
मी आत जाऊन तात्यांना सांगितलं.
ते म्हणाले, बरं.
थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, बरं.

मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे अळू आहे.
एका रविवारी ती तिथे किंचाळली, मला वाटलं साप.
पानं छातीशी धरून उभी: दालो! रोउरोउ!
मग विळीवर अशी बसली जशी याच घरात वाढली,
नारळ खवला, दूध पिळलं, पानं त्यात शिजवली,
चिंच घालू दिली नाही.
सगळ्यांचा घसा खाजला. सगळ्यांनी दोनदा घेतलं.
नारळाला चाळीस रुपये पडले हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही;
तिकडे तो रात्री पत्र्यावर पडतो आणि माणूस फक्त कूस बदलतो.
एकादशीला साबुदाणा चिमटीत धरून म्हणाली,
हा तर आमचा तावियोका, याचे मणी कुणी केले?
आम्ही रोज खातो.
तात्या म्हणाले, म्हणजे तुमचा रोजच उपवास. पुण्य ठेवता कुठे?

डिसेंबरात पारा आठवर आला.
स्वतःच्या तोंडातून वाफ निघाली तशी ती दचकली,
मग शाळेला उशीर होईपर्यंत अंगणात वाफच काढत बसली.
तात्यांनी आपली कानटोपी दिली.
हातात नाही, टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे गेले.
ती त्या केसांवर काही चढली नाही.

मार्चमध्ये गेली. द्राक्षांची पेटी नेता येत नाही म्हणून
फलाटावर बसून आम्ही निम्मी संपवली.
गाडी आली. ती तात्यांपुढे वाकली.
तात्यांचा हात उठला
आणि केसांच्या चार बोटं वर थांबला,
वाऱ्यात समईची वात झाकतात तसा.
ती वाकलेलीच राहिली.
गाडी इथे दोनच मिनिटं थांबते,
त्यातलं एक तिथे गेलं.

काल बँकेत, पेन्शनच्या दिवशी,
बाकावर बसलेल्यांच्या पुढून तात्या
वाकून, एक हात गुडघ्यापर्यंत नेत, गेले.
काय म्हणालात बाबा? शिपायानं विचारलं.
काही नाही, म्हणाले,
आणि पुढच्या बाकापाशी पुन्हा म्हणाले.