सदतीस अंश

मशीन म्हणालं, हे रक्त खोटं आहे.
हिमोग्लोबिन साडेपाच, ते ठीक,
पण खालचे आकडे कुठल्याच माणसाचे नव्हते.
नळी पुन्हा लावली.
पुन्हा तेच.

पियेदाद रॉद्रिग्ज, बेतूल, वय एकसष्ट.
फॉर्मवर तिरक्या अक्षरात: डोळे पिवळे, धाप,
लोहाच्या गोळ्या चार महिने, गुण नाही.
त्याआधी काविळीचं मूळ उगाळून प्याली होती,
ते फॉर्मवर नव्हतं.

काचपट्टीवर थेंब ओढला.
पेशी सुट्या राहिनात,
एकमेकींना चिकटून घोळक्याघोळक्यानं बसलेल्या,
जाळ्याच्या कोपऱ्यात दाटलेल्या तारल्यांसारख्या.
बांबोळीच्या त्या खोलीत एसी अठरावर असतो.
मशीनला उकाडा सोसत नाही.

मी नळी मुठीत धरली,
मग कुणी बघत नाहीसं पाहून काखेत.
भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं.
काढली तर काचेला धरलेले दाणे गेलेले,
रक्त नुसतं रक्तासारखं हलत होतं.

वॉर्डात गेले. बायो, थंडीत बोटांना काय होतं?
ती हसली.
"बर्फांत घाल्यार निळीं जातात गो.
सगळ्यांचींच जातात न्हय?"
चाळीस वर्षं मडगावच्या बाजारात बर्फ उपसला,
आणि तिला वाटत होतं, सगळ्यांचीच.
सकाळची लघवी? आगळासारखी, म्हणाली,
आणि पदर सारखा केला.

दुसरं रक्त नातवाच्या थर्मासातून आणलं,
कोमट पाण्यात नळी उभी करून.
कोमट पाण्यानंच पेशी धुतल्या, तीनदा,
कूम्ब्सचा थेंब सोडला, नळी फिरवली,
तळाची गोळी हळूच हलवली.
सुटेना.
म्हणजे खूण होती.
पावणीत जिंकलेल्या टोपलीवर खडूनं ओढतात तशी,
ही आपली, ही उचला;
तिच्याच देहानं तिच्याच पेशींवर ओढलेली,
आणि यकृत खुणा बघत बघत
निमूट उचलत होतं.

रिपोर्टवर लाल पेनानं लिहिलं:
नमुना सदतीस अंशांवरच ठेवावा.
रक्त द्यायचं तर तेही ऊब देऊन.

डॉक्टर म्हणाले, बर्फाला हात लावायचा नाही, कधीच.
अगदीच लागलं तर जाड हातमोजे.
तिनं स्वतःची बोटं उलटीसुलटी करून पाहिली.
"मोजे घाल्यार
ताजें-शिळें कशें कळतलें, दोतोर?"

डॉक्टर फाईल चाळत राहिले.
मी खाली आले
आणि एसी बावीसवर केला.
मशीन कुरकुरलं.