चोविसावा दिवस

ये भरमा, बस. टोपी काढ की.
आरशाकडं पाठ करायची तर कर, खुर्ची फिरतीय.
शटर अर्धं ओढून घेतलंय मी.
समोरच्या मागाची खटखट तेवढी येत राहील.
वडगावात ती थांबली
तर माणसं झोपेतनं जागी होतात.

गळूलाय म्हणतोस. उशीवर सापडूलाय.
पुडीत बांधून आणलायस? दाखव.
एकोणीस.
मोजून आणलेत लेकानं,
सोनार गुंजा मोजतो तसे.

हे गळणारच होतं, भरमा.
हुबळीच्या डॉक्टरनं लिहून दिलं असणार,
एकदा कानडीत, एकदा इंग्रजीत,
आणि तू दोन्ही कागद घडी घालून पाकिटात ठेवलेस.
पडतोय तो वरचा केस.
मूळ आत हाय.

येळ्ळूरच्या शिवारात तरवा लावला
की आठ दिवस रान कसं दिसतं?
पिवळं, मान टाकलेलं.
नवखा म्हणेल, गेलं हे.
तुझा आजा बांधावर बसून तंबाखू मळायचा,
रोप उपटून मूळ धरलंय का बघत नव्हता.
तू मात्र रोज नखानं तपासतोस,
लाली गेली का, खाज का येतीय.
हात मांडीखाली घे.

फोटो काढायचाच तर महिन्याला एक,
त्याच खिडकीत, त्याच वेळेला.
गोळी डॉक्टरला विचारल्याबिगर सोडू नको.
आणि पू दिसला, ताप आला,
तर माझ्याकडं येऊ नको, त्याच्याकडं पळ.
मी कात्रीचा माणूस.

एकतीस वर्षं डोकीच बघतोय.
पाटीवर कन्नड वर, मराठी खाली,
पण खुर्चीत टेकल्यावर
टक्कल म्हण नाहीतर बोळतली,
माणूस हात फिरवतो त्याच जागी.

मागल्या दसऱ्याला निपाणीचा एक पोरगा आलता,
एकविसाचा. उद्याच करतो म्हणाला,
स्वस्तात हाय, दुपारपर्यंत मोकळं करत्यात.
म्हटलं, थांब जरा.
तुझं कपाळ अजून मागं सरकूलाय.
लावलेली ओळ पुढं उभी राहील
आणि मधलं रान निघून जाईल,
मग बेटासारखा दिसशील.
आणि विचारून घे, सुई कोण धरणार,
डॉक्टर का त्याचा पोऱ्या?
मानेवरचं बियाणं एवढंच असतंय,
दुसऱ्यांदा कुठनं आणणार?
रागावला. परत आला नाही.
ऐकलं का नाही, ठाऊक नाही.

मी पण गेलतो.
कुणाला म्हणून सांगितलं नाही, घरातबी.
कोल्हापूरच्या डॉक्टरनं मागं बोट टेकवलं,
भिंग लावून बघितलं, मग भिंग खाली ठेवलं.
मालक, काढायला काहीच नाही, म्हणाला.
भला माणूस. पैसे घेऊन केलं असतं तर?
परतीच्या बसमधी खिडकी मिळाली,
काच उघडली नाही मी.
स्टँडवर पाव किलो कुंदा घेतला.
घरी सांगितलं, गिऱ्हाईकानं दिला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.
पहिलाच माणूस बसला,
माझ्या डोक्याकडं त्यानं ढुंकून बघितलं नाही.
त्याला त्याच्याच कानामागची पडलेली.

तर बघ.
चौथ्या-पाचव्या महिन्यात उगवायला लागतील.
बारीक, वाकडे,
परक्याच्या डोक्यावरचे वाटतील.
घाबरू नको, कापू नको, कुणाशी तुलना करू नको.
वर्ष जाऊ दे.
तोवर लग्नाची बोलणी असतील तर टोपी काढून बस.
जी बघून नाही म्हणेल
ती तुझ्या उशीचं काय करणार होती?

आणि पहिली कटिंग माझ्याकडं.
पैसे घेणार हं मी, पुरते ऐंशी.
फुकट करतो ती आजाऱ्याची.

पुडी राहू दे इथंच.
रात्री झाडताना टाकीन,
सगळ्यांच्यात.