अळीमिळी

सराफ्यातली रात्र दोनला संपते,
तिथून आमची सुरू होते.
निळे ड्रम येतात सांवेर रोडवरच्या शेडमध्ये:
भुट्ट्याचा कीस, गराडूची सालं,
फुगून फुटलेली जिलबी,
कुणाची तरी अर्धी भूक.

रेवाच्या डोक्यात हा किडा वळवळला
तेव्हा ताई पंधरा दिवस तिच्याशी बोलली नाही.
मी मामा. बँकेतून सुटलेला.
मला म्हणाली, तुम्ही फक्त वही सांभाळा.
सांभाळतो.
नावे : उष्टं, तीन क्विंटल.
जमा : अळ्या, वाळवलेल्या, सतरा किलो.
सिमरोलचा तळेवाला नेतो माशांना,
देपालपूरचा कोंबड्यांना.
उधारी दोघांचीही.

पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा आधी आवाज आला,
शेव तळून होत आली की कढई करते तसा.
सुगनबाई कोपरापर्यंत हात घालते त्यात.
"गरम है, मामाजी," म्हणते,
"पेट जैसा."

चौदा दिवस नुसतं खाणं.
मग अळी काळी पडते, घास सोडते,
आणि तिरकी फळी चढून
आपणहून बादलीत जाऊन पडते.
ढकलावं लागत नाही कुणी.
बियाण्याला राखलेल्यांच्या माश्या होतात,
आठवडाभर उडतात, काही खात नाहीत.
आमच्या आईची एकादशीसुद्धा
इतकी कडक नव्हती.

पलीकडे वेगळ्या खोक्यांत,
कोंड्यावर आणि गाजरावर, रातकिडे.
"हे माणसांसाठी," रेवा म्हणते,
आणि माझ्याकडे बघत नाही.
खान नदीच्या काठच्या घरात
ह्यांच्याच किरकिरीवर मला झोप लागायची.

गेल्या मंगळवारी तिनं ते कोरडे भाजले,
वर जिरावन.
इंदुरात जिरावन पडलं
की कशालाच नाही म्हणता येत नाही.
रामबागेत, ताईच्या टेबलावर, मधोमध बशी.
ताई चहाच्या कपात बघत बसली.
भाऊजींनी पेपर उंच धरला.
पंखा तेवढा बोलत होता.
मी चष्मा पुसायच्या निमित्तानं
एक उचलला.
खारा. दाण्याच्या टरफलासारखा कुरकुरीत.
तिखट मागून आलं, सावकाश.

रेवा बशी न्यायला आली
तेव्हा आत तेवीस होते.
मांडताना मी मोजले होते, सवयीनं : तीस.
एक माझा.

सहाचा हिशेब लागत नाही.
वहीत तसाच सोडलाय.