एकास दोनशे

वूल्स्टनला नॉर्मन टिलरच्या गॅरेजमध्ये
गाडी कधीच नव्हती.
तिथे जहाजं. म्हणजे एकच जहाज, पुन्हा पुन्हा:
सिल्व्हर हेरॉन, एकास दोनशे,
लाइम नावाच्या झाडाच्या लाकडातलं.
(पहिल्या दिवशी मी वास घेऊन पाहिला. लिंबू नाही.)

त्यावर सुट्टी घालवलेली कुटुंबं पत्रं धाडतात:
आमची केबिन डावीकडे, आठवा मजला,
कठड्यावर लाल टॉवेल वाळत होता, तेवढा दाखवा.
आमचा धाकटा घसरगुंडीवरून उतरलाच नाही,
घाबरला. त्याला वरच राहू दे.
नॉर्मन राहू देतो.
तांदळाच्या दाण्याएवढा मुलगा, पिवळी चड्डी,
चिमट्यात धरून, श्वास रोखून.

शनिवारी मी कठडे रंगवते.
माझा हात स्थिर आहे म्हणतो तो.
सोळा वर्षं अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शिरा शोधल्या
की हाताला दुसरं काही सुचत नाही.

त्याला मी बरेच महिने सांगितलं नव्हतं
की हे जहाज मला माहीत आहे.
पाहिलेलं नाही. माहीत आहे.
भाऊ, म्हणजे माझे वडील,
अकरा वर्षं त्याच्या पोटात होते. लॉन्ड्रीत.
पाण्याच्या रेषेखाली दोन मजले.
नऊ महिने तिकडे, तीन महिने वेंगुर्ल्याला.
घरी आले की दिवसा झोपायचे, खिडकी उघडी टाकून,
आणि कुणी ती अलगद लावली
तरी जागे व्हायचे.
अंगाला साबणाचा वास इतका
की आई म्हणायची, ह्यांना घडी घालून
कपाटातच ठेवावं.
साउदम्प्टन कसं आहे हो, असं विचारलं तर सांगायचे,
तिथून फोन चांगला लागतो.

परवा ब्रशच्या मागच्या टोकानं
मी बुडाशी टकटक केलं. इथे काय आहे?
लाकूड.
आत?
आतही लाकूडच.
मग सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, ब्रश वाळेपर्यंत.
म्हटलं, एक खिडकी कर इथे. टाचणीच्या टोकाएवढी.
नॉर्मननं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
तिथे खिडकी नव्हती, म्हणाला.
नसलेली खिडकी मी करत नाही.

राग आला. बसथांब्यापर्यंत गेलेही.
पण भाऊंनीही हेच केलं असतं:
डाग नसलेला टॉवेल
कुणी साहेबानं सांगितलं म्हणून
ते पुन्हा धुवायचे नाहीत.
परत आले.

तोवर त्यानं जहाज उताणं केलं होतं.
मी चुकीचं सांगितलं, म्हणाला. एक जागा पोकळ आहे.
बुडाला नखाएवढं झाकण. ते उघडून
त्यानं माझ्या तळहातावर ओतल्या
शिशाच्या गोळ्या, मोहरीपेक्षा किंचित मोठ्या.
हे नसलं तर वरचं सगळं, पूल, घसरगुंडी, बॅन्डवाले,
एका कुशीवर.
किती घालतोस?
मोजत नाही. सरळ तरंगेपर्यंत.
लांबी-रुंदी एकास दोनशे जमते,
वजन काही त्या हिशेबात बसत नाही.
एकशे चाळीस ग्रॅम, मी म्हटलं.
त्यानं तराजू आणला. एकशे एकेचाळीस.

मग आम्ही टबात पाणी सोडलं.
(बायको गेल्यापासून तो टब फक्त जहाजांचा.)
आधी रिकामंच ठेवलं. ते लगेच कललं,
लाल टॉवेल पाण्याला टेकला.
मग मूठ मूठ नाही, चिमूट चिमूट,
मी गोळ्या परत घातल्या, झाकण दाबलं.
उभं राहिलं.
वरती पिवळ्या चड्डीतला तो
अजून उतरलेला नाही.
बुडाखालचं पाणी टबाच्या कडांना लागून
हलत राहिलं थोडा वेळ.

मी न्हाणीघराची खिडकी उघडली.
गार वारा येतोय, नॉर्मन म्हणाला.
येऊ दे.