कचऱ्याचा सूर

छत्तीस वर्षं पियानो लावले मी,
कुओपिओपासून वर उत्तरेकडे,
शाळांमधले, चर्चमधले,
घराच्या कोपऱ्यात धूळ खात बसलेले.
म्हणून ओइवा म्हणाला, कान तुझा तयारच आहे,
आता फक्त तो पाण्याखाली न्यायचा.

हाउकियार्वीचं पाणी कोऱ्या चहासारखं.
दोन मीटरवर उजेड तांबूस, चारवर तपकिरी,
सहावर स्वतःचा हातमोजा दिसायला
तो काचेपाशी आणावा लागतो.
सॉनातून निघालेली माणसं इथे धक्क्यावरून
सरळ उडी घेतात. गारठ्यानं बोट बारीक होतं,
अंगठीला तेवढंच निमित्त पुरतं.

पहिल्या दिवशी यंत्र सलग ओरडत राहिलं.
डावीकडे वळवलं, ओरडलं. उजवीकडे, तेच.
वाटलं, तळभर खजिना!
वर आले तर ओइवानं पायाकडे बोट दाखवलं:
पट्ट्यात खोचलेली सुरी.
माझा कळसा काखेत नव्हता,
पोटरीला होता.

मग त्यानं धक्क्याखाली शाळा भरवली.
दोरी ताणून हात-हात अंतरावर गाळात पुरलं
बाटलीचं झाकण, गंजका खिळा, जुनं पाच पेनीचं नाणं,
बिअरच्या डब्याची कडी,
आणि शेवटी बोटातली अंगठी काढून तीही,
मासेमारीच्या दोऱ्यानं दगडाला बांधून.
"सोन्याचा आवाज सोन्यावरच शिकावा."

शिकले.
किंचित जड राहायचं, पण तळाला टेकायचं नाही.
पायातले पंख वरच ठेवायचे. एकदा खाली लागले
की गाळ उठतो आणि
तो बसेपर्यंत टाकीतली हवा संपते.
तबकडी उत्तर-दक्षिण फिरवायची, मग पूर्व-पश्चिम,
कारण पाण्यात आवाज कुठल्याच बाजूनं येत नाही,
थेट कवटीत उगवतो.
उकरायचं नाही, पंजानं वारा घालायचा.
काडतूस दिसलं तर हात मागे.

आणि डब्याची कडी आणि सोनं
एकाच सुरात बोलतात.
दुसऱ्याच्या घरातली पाव श्रुतीची चूक
जिला जेवू देत नाही,
त्या मला फरक कळेना.
"कळणारच नाही," ओइवा म्हणाला.
"कड्या गाळशील तर सोनंही गाळशील."

चौथ्या दिवशी दगड सापडला.
दोरा सापडला. दोऱ्याला गाठ होती,
गाठीत काही नव्हतं.

ओइवा धक्क्यावर बसून
बोटावरचा पांढरा पट्टा बघत राहिला.
मग म्हणाला, "बरं झालं. आता तुला खरं काम मिळालं."

जून ते सप्टेंबर.
तीनशे बारा कड्या, मुरंब्याच्या दोन बरण्या भरून.
अकरा गळ, एक किल्ली, अर्धा चमचा.
तोंडानं वाजवायच्या बाजाची पितळी पट्टी,
जिची एक जीभ नखानं छेडल्यावर
अजून बोलली, थोडी उतरलेली.
ती मी ठेवून घेतली.
अंगठी नाही.

नोव्हेंबरात तळं गोठलं.
आता रात्री मी बरण्या टेबलावर ओतते,
कड्या एकेक दिव्यासमोर धरते.
न जाणो.

काल साइमी, ओइवाची बायको,
नेमकी त्याच जागी स्टूल टाकून बसली होती,
बर्फाला भोक पाडून.
मी चाचरत म्हटलं, मे महिन्यात पुन्हा उतरेन,
मे नाही तर जून.
"घाई नको करूस," ती म्हणाली.
"ट्रॅक्टरची सीट, सॉनाची खुंटी, गोठ्याची खिडकी,
कुठे कुठे विसरायचा तो ती.
चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
ती कुठे आहे ते मला माहीत आहे."
आणि दोऱ्याला झटका बसला म्हणून
ती खाली वाकली.